‘वळखलं काय मले?’ डोक्याला मार लागलेलं म्हातारं माणूस, त्याची आठवण आणि शंभर वर्षांचा इतिहास

पोस्ट मोठी आहे. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

नात्यातल्या एका काकांपासून सुरुवात करतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. वय एकाहत्तर. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून संध्याकाळी गावाकडं निघाले होते. रस्त्यात रोही आडवा आला. पुतण्याला खरचटलं, काकांचं डोकं डांबरी रस्त्यावर आपटलं. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं. मोठ्या शहरात नेलं, ऑपरेशन झालं, माणूस वाचला. अठराव्या दिवशी सुट्टी झाली. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ, जेवण बरोबर. गाव म्हणालं, ‘म्हाताऱ्याचं नशीब जोरावर.’

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

सकाळी चहा घेतला की दहा मिनिटांनी काकूंना विचारायचे, ‘अवं, चहा झाला काय माझा?’ झाला म्हटलं की गप्प. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बँकेतून काढलेले पैसे कुठं ठेवले ते आठवेना. चाळीस वर्षं ज्या वावरात गेले तिथं जायचे आणि कशाला आलो हेच विसरायचे.

आणि याच माणसाला शकुंतला रेल्वेचं सगळं तोंडपाठ! यवतमाळहून निघाली की दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर; १९९४ पर्यंत गाडीला वाफेचं इंजिन कसं होतं, गाडी किती हळू चालायची, कोण कुठं उतरायचं, सगळं सांगायचे. मग घरात कुजबुज सुरू झाली. ‘मतलबाचं बरोबर आठवते. सोंग करते म्हातारा.’ कोणी म्हणालं, साठी बुद्धी नाठी. कोणी म्हणालं, चळ लागला.

भेटायला येणारा प्रत्येक जण ओसरीत बसून पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘वळखलं काय मले?’ काका टक लावून बघायचे आणि अंदाजानं काहीतरी नाव सांगायचे. ते चुकायचं. सगळे हसायचे. महिनाभरानं काकांनी ओसरीत बसणंच सोडलं.

तो प्रश्न मीही विचारला होता. तो विचारू नये हे मला फार उशिरा कळलं. का विचारू नये, यामागं मोठा इतिहास आहे. तो इतिहास युरोपातल्या युद्धांतून येतो आणि त्याचा एक धागा आपल्या नागपूरपर्यंत पोचतो. म्हणून लिहितोय.

जुनं राहतं, नवं जातं

आधी सोंगाचं बघू. १८८१ मध्ये फ्रान्समधल्या तेओद्यूल रिबो या मानसशास्त्रज्ञानं स्मृतीच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं निरीक्षण आजही सांगितलं जातं: मेंदूला इजा झाली की अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या सर्वांत शेवटी. जुनी आठवण शेकडो वेळा उजळलेली असते, तिची मुळं खोल गेलेली असतात. नवी आठवण म्हणजे कालच टोबलेलं सरकीचं बी. ते रुजायच्या आतच जमीन हलली.

डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हादरतो. कपाळामागचा आणि कानांच्या बाजूचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. नवी आठवण पक्की करण्याचं काम करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग कानाच्या बाजूलाच, आत असतो. म्हणून शकुंतला आठवते आणि चहा आठवत नाही. ते सोंग नव्हतं, दुखणं होतं.

दुसरी गोष्ट १९११ ची, जिनिव्हाची. एडुआर क्लापारेद नावाच्या डॉक्टरकडं एक बाई होती. तिची नवी आठवण टिकतच नसे. रोज भेटणारा डॉक्टरही तिला रोज नवा. एक दिवस त्यानं बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. तिला टाचणी टोचली. थोड्याच वेळात ती ते विसरली. पण पुढं त्यानं हात पुढं केला तेव्हा तिनं आपला हात मागं घेतला. का घेतला, ते तिला सांगता येईना. टोचल्याचा प्रसंग तिला आठवत नव्हता, पण त्यातून काहीतरी शिकलं गेलं होतं.

हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. पण त्यातून कळलं की आठवण एकाच प्रकारची नसते. घडलेला प्रसंग आठवणं वेगळं आणि हातापायाला, अंगाला सवय होणं वेगळं. पहिलं बिघडलं तरी दुसरं शाबूत राहू शकतं.

याचा मोठा पुरावा अमेरिकेत मिळाला. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी मेंदूचं ऑपरेशन झालं. त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत नवी आठवण त्याला धरता आली नाही. ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात बसला, चुका कमी झाल्या. आणि प्रत्येक दिवशी त्याला वाटायचं, हे काम आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय.

आपल्याकडंही हे दिसतं. नातवाचं नाव न आठवणारी आजी जात्याचा खुंटा हातात आला की ओव्या म्हणते. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत बसवलं की चहा विसरणारा माणूस तुकडोजी महाराजांचं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. आपण त्याला चमत्कार म्हणतो. तो चमत्कार नाही, त्या माणसात शिल्लक राहिलेली ताकद आहे. पुढचं सगळं काम त्या ताकदीवर उभं करायचं असतं.

हे शास्त्र सैनिकांसाठी जन्मलं

डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा जगायला शिकवायचं, ही कल्पना दवाखान्यात नाही, युद्धात जन्मली.

पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळ्या आणि छर्रे लागलेले हजारो तरुण वाचले. जर्मनीत फ्रँकफर्टला कुर्ट गोल्डस्टाइन यांनी १९१६ मध्ये अशा सैनिकांसाठी संस्था काढली. तिथं उपचाराबरोबर तपासणी होती आणि कामाचं शिक्षणही होतं. या माणसाला आता कोणतं काम जमेल, हा तिथला प्रश्न. पुढं १९३३ मध्ये नाझींनी गोल्डस्टाइन यांना पकडलं. ते ज्यू होते, त्यांना देश सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या भागात असंच रुग्णालय चालवलं. त्यांचा एक रुग्ण होता झासेत्स्की. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कजवळच्या लढाईत त्याच्या डोक्यात गोळी लागली, वय तेवीस. शब्द आठवेनात, वाचता येईना, शरीराची एक बाजू कुठं आहे ते कळेना. अक्षर आठवून आठवून लिहायला गेला की अडायचा. एक दिवस त्याला सांगितलं, अक्षराचा विचार करू नको, कागदावरून हात न उचलता एका दमात शब्द लिही. आणि हातानं शब्द लिहिला! लिहिलेलं स्वतःला नीट वाचता येत नसतानाही या माणसानं पुढची पंचवीसेक वर्षं आपली डायरी लिहिली, जवळजवळ तीन हजार पानं. कधी दिवसभरात अर्धं पान व्हायचं. लुरियांनी १९७१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

त्याच काळात स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ ऑलिव्हर झँगविल जखमी सैनिकांवर काम करत होते. १९४७ च्या त्यांच्या लेखात तीन वाटा सांगितल्या आहेत. गेलेली ताकद सरावानं परत आणायचा प्रयत्न करणं, ही पहिली. तेच काम वेगळ्या पद्धतीनं करायला शिकवणं, ही दुसरी. जे आता होणार नाही त्याला वळसा घालून जगण्याची सोय लावणं, ही तिसरी.

पुनर्वसन हा शब्द यवतमाळ जिल्ह्याला समजावून सांगायला नको. बेंबळा म्हणा, इसापूर म्हणा, धरणात गेलेलं गाव परत येत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण नव्या गावठाणात पाणी, रस्ता, शाळा, देऊळ नीट झालं तर माणूस पुन्हा उभा राहतो. नुसता प्लॉट देऊन सोडून दिलं तर मोडतो. आठवणीचंही असंच आहे. वयस्कर माणसाची गेलेली स्मरणशक्ती पूर्ण परत आणून देतो असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जाहिरातीतल्या गोळ्या-चूर्णांवर तर नकोच. पण नवं गावठाण नीट वसवता येतं. झँगविल यांनी १९४७ मध्ये सांगितलं ते हेच.

मुंबई १९५०, नागपूर १९५८

आता आपल्याकडचा धागा.

एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन बाई विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. नंतर अमेरिकेत जाऊन तिनं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. या शब्दाचा साधा अर्थ असा, की आजारानं किंवा अपघातानं अडलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं: अंघोळ, कपडे, स्वयंपाक, हिशेब, शेतातलं काम. फिजिओथेरपी हातपाय हलवायला शिकवते. ही विद्या त्या हातापायांनी आणि डोक्यानं दिवस कसा काढायचा ते शिकवते.

१९५० मध्ये कमलाबाईंनी मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातली ती पहिली. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. आणि १९५८ मध्ये नागपूरला, आपल्या मेडिकलमध्ये, तशीच शाळा सुरू झाली.

म्हणजे बघा. ही विद्या यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर आली त्याला साठ वर्षं उलटून गेली. यवतमाळला वसंतराव नाईकांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८९ मध्ये आलं. तरी आजही डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्याच्या घरच्यांना विचारा, ‘ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवलं का?’ शंभरातल्या किती जणांनी हा शब्द ऐकलेला असेल?

याचं एक कारण असं की मधल्या काळात सगळा जोर जीव वाचवण्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या मेंदूचा सिटी स्कॅन झाला. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बेशुद्धी मोजायचं साधं माप दिलं: डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. ३ ते १५ गुण. आजही कोणत्याही कॅज्युअल्टीत डॉक्टर तेच लिहितात. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ ची गाडी आली. पूर्वी जी माणसं रस्त्यावरच जायची ती आता घरी परत येतात. चांगलंच झालं. पण परत आलेल्या माणसाचं पुढं काय, याची तयारी त्या वेगानं झाली नाही.

चुकू न देता शिकवायचं

आता ‘वळखलं काय मले?’ कडं येऊ.

इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ पासून अशा रुग्णांबरोबर काम केलं. १९९६ मध्ये त्यांनी ईली या लहान गावात पुनर्वसन केंद्र काढलं आणि त्याला झँगविल यांचं नाव दिलं. त्याआधी १९९४ मध्ये त्यांनी आणि ॲलन बॅडली यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती.

आपण सगळे चुकांमधून शिकतो. पण चुकीतून शिकायला एक गोष्ट लागते: आपण चुकलो होतो हे लक्षात राहावं लागतं. ज्याची नवी आठवणच टिकत नाही तो चूक विसरतो, पण चुकीचं उत्तर मात्र सवयीसारखं आत बसतं. क्लापारेदच्या टाचणीसारखं. पुढच्या वेळी तेच चुकीचं उत्तर तोंडात येतं.

म्हणून अशा माणसाला अंदाज करायला लावायचं नाही. आधी बरोबर उत्तर द्यायचं आणि मग त्याच्याकडून ते म्हणवून घ्यायचं. ‘वळखलं काय?’ ऐवजी ‘काका, मी बंडू, तुमच्या बहिणीचा मुलगा, घाटंजीहून आलो.’ बस्स. एवढ्यानं काय होतं? माणूस उघडा पडत नाही. ओसरीत बसून राहतो.

दुसरी रीत थोडं थोडं अंतर वाढवत विचारण्याची. १९७८ मध्ये लँडॉवर आणि ब्यॉर्क या दोघा अमेरिकी संशोधकांनी ती तपासली. पुढं कॅमरन कँप यांनी ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी वापरली. घरी करता येते. एका वेळी एकच गोष्ट घ्या. समजा, ‘पैसे निळ्या डब्यात’. सांगा, म्हणवून घ्या. एका मिनिटानं विचारा. आलं तर दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. मध्ये गप्पा मारा, शेंगा सोला. एखाद्या वेळी नाही आलं तर रागवू नका, लगेच उत्तर सांगा आणि शेवटी जमलेल्या अंतरावर परत या. दिवसात दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. पाचसहा गोष्टी एकदम शिकवायला जाल तर एकही बसणार नाही.

तिसरी रीत आठवण डोक्याबाहेर ठेवण्याची. अमेरिकेत एका अभियंत्याच्या मुलाच्या डोक्याला मार लागला होता. बापानं एका तज्ज्ञाच्या मदतीनं पेजरवर ठरल्या वेळी निरोप येईल अशी सोय केली: ‘गोळी घे’, ‘जेवायची वेळ झाली’. विल्सन यांनी ती इंग्लंडमध्ये १४३ लोकांवर तपासली आणि २००१ मध्ये निकाल छापला. बहुतेकांची रोजची कामं पेजर असताना जास्त पार पडली. आज तेच काम साध्या मोबाइलचा अलार्म करतो.

आणि आपल्याकडं तर याची परंपराच आहे. पदराला गाठ मारणारी आजी काय करत होती? १९७३ पासून घराघरांत लटकणाऱ्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, गाय फळल्याचा दिवस आपण लिहितोच. फरक इतकाच की धडधाकट माणसाला ते सोयीचं असतं, अशा माणसाला ते काठीसारखं लागतं. आणि काठी वापरायलाही शिकवावं लागतं. वही आणून दिली आणि ‘लिहीत जा’ म्हटलं, एवढ्यानं भागत नाही. वही आहे हेच तो विसरतो! वही एकाच खिळ्याला, ठरलेल्या वेळी बघायची, आधी घरच्यानं सोबत बसून, मग हळूहळू बाजूला होऊन. त्याला काही आठवडे जातात.

म्हातारी माणसं रांगेत शेवटी

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट लक्षात येते. झासेत्स्की तेवीस वर्षांचा, मोलेसन सत्तावीसचा, फ्रँकफर्टचे सैनिक विशी-तिशीचे. कारण सरळ आहे: देशाला तरुण कामावर परत हवा होता. म्हातारा माणूस या शास्त्रात उशिरा आला. आणि आला तेव्हा त्याच्यासाठी एक तयार उत्तर होतं: वय झालं.

‘वय झालं’ हे उत्तर धोक्याचं आहे. दोन कारणं सांगतो.

पहिलं. साठीनंतर मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीत घसरले, खाटेवरून पडले, दाराची चौकट लागली, एवढ्यावरही एखादी शीर फुटते आणि रक्त थेंबथेंब साचत राहतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी माणूस विसरायला लागतो, झोपाळू होतो, चालताना एका बाजूला झुकतो, डोकं दुखतं म्हणतो. पडलेले तोवर सगळे विसरलेले असतात! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दारूची सवय असेल तर धोका जास्त. सिटी स्कॅनमध्ये हे दिसतं. बऱ्याच वेळा कवटीला लहान छिद्र पाडून साचलेलं रक्त काढलं की माणूस सुधारतो. ‘चळ लागला’ म्हणून घरात बसवून ठेवलं तर जीव जातो. या पोस्टमधलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. म्हातारं माणूस महिन्या-दोन महिन्यांत अचानक बदललं तर आधी दवाखाना.

दुसरं. म्हातारा मेंदू हळू सुधारतो, पण सुधारतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते. नेमके तेच महिने आपण ‘आराम करू द्या’ म्हणून वाया घालवतो.

सरकारच्या कागदावर काय आहे?

मेंदूच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना आहे: दीड लाखापर्यंत उपचार, अपघातापासून सात दिवस. चांगली योजना आहे, जीव वाचतील. पण आठवणीचं काम सातव्या दिवशी संपत नाही, त्याच्या नंतर सुरू होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. डोक्याला मार लागून गेलेली स्मरणशक्ती हा त्यात नावानं वेगळा प्रकार नाही. ज्याचा हात गेला त्याचा हात गेलेला दिसतो. ज्याची आठवण गेली तो प्रमाणपत्राच्या रांगेत धडधाकट दिसतो आणि रांगेत कशाला उभा आहे तेही विसरतो.

२०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा २७ लाख ७२ हजारांचा होता. सोळा तालुके. उमरखेडच्या माणसाला नागपूर केवढं लांब? झरी जामणीच्या कोलाम पोडावरच्या म्हाताऱ्याला आठवड्याला कोण नेणार? म्हणून विद्या माणसाकडं आली पाहिजे. मागणी फार मोठी नाही. मोठं मशीन नको, नवी इमारत नको.

एक. डोक्याला मार लागलेल्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला सुट्टी देताना आठवणीची साधी तपासणी करा आणि घरच्यांना मराठीत एक पान लिहून द्या: काय करायचं, काय नाही, कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचं.

दोन. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ यांचा ठरलेला वार तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा चालेल, पण ठरलेला.

तीन. आशाताईंना ‘पडल्यानंतर बदललेलं म्हातारं माणूस’ ओळखायला शिकवा. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे, म्हणून या कामाचा मोबदलाही द्या.

चार. दिव्यांग प्रमाणपत्राच्या निकषांत अशा रुग्णांचा विचार व्हावा, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवावा. विधानसभेत आपले सात आमदार आहेत. एकानं तरी प्रश्न विचारावा.

आणि आपल्या हातातलं: मागं बसणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट. म्हातारा बाप मागं बसतो म्हणून त्याचं डोकं कमी किमतीचं होत नाही.

काकांचं पुढं

काकांना आम्ही पाच महिन्यांनी नागपूरला एका थेरपिस्ट ताईंना दाखवलं. उशीरच झाला होता. त्यांनी पहिल्यांदा काकूंना समोर बसवलं आणि विचारलं, ‘दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ काकू रडायलाच लागल्या. पाच महिन्यांत तो प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता.

ठरलं असं. चहा झाला की काकांनी स्वतः पाटीवर खडूनं एक रेघ मारायची. पाटी चुलीसमोरच्या भिंतीवर. पहिले पंधरा दिवस काकू हात धरून रेघ मारून घ्यायच्या. पैसे एकाच डब्यात. वावरात जाताना खिशात चिठ्ठी: ‘मोटार चालू करायला आलो, अकराला बंद करायची’. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चुकवायची नाही.

काका बरे झाले का? नाही. कालचा दिवस त्यांना आजही आठवत नाही. पण चहाचं विचारायच्या आधी ते पाटीकडं बघतात. रेघ दिसली की स्वतःशीच म्हणतात, ‘झाला हाये.’ दिवसातून वीस वेळा उत्तर देणाऱ्या बाईला त्या दोन शब्दांची किंमत विचारा.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ते ओसरीत बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘काका, मी आलो, यवतमाळहून,’ आणि नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाले, ‘बस ना बाप्पा. चहा घेशील?’

तुमच्या घरी, शेजारी असं कोणी असेल तर पुढच्या भेटीत एवढं करा. परीक्षा घेऊ नका. आधी आपलं नाव सांगा.

पोस्ट पटली तर गावाच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्या घरी आठवणीसाठी कोणती युक्ती चालली असेल तर खाली लिहा. दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येईल.